चढलं, पण धरलं नाही: तांब्याच्या एका प्रिकर्सरचं प्रकरण

कल्हईवाल्याला काम करताना ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना या प्रकरणाचा अर्धा भाग आधीच ठाऊक आहे. भांडं भट्टीवर तापलं की तो आत चिमूटभर नवसागर टाकतो, कापसाच्या बोळ्याने आतून फिरवतो, पांढरा धूर उठतो आणि मगच कथील टेकवतो. नवसागराने धातूचं अंग उघडं केलं नाही, तर कथील वितळतं खरं, पण भांड्याला धरत नाही. गोळ्या होऊन तळाशी फिरत राहतं.

सिलिकॉनच्या चिपवर तांब्याचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसवताना नेमका हाच प्रश्न उभा राहिला. नव्वदच्या दशकात, पुढे क्युप्रासिलेक्ट या नावाने ओळखला गेलेला, एक सुंदर रेणू हाताशी असूनही तो प्रश्न सुटला नाही. त्या रेणूची ही हकीकत. पातळ थरांच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना मी ती आवर्जून सांगतो, कारण प्रिकर्सर, म्हणजे धातूला वाफेच्या रूपात पृष्ठभागावर नेणारं संयुग, कसा निवडावा यापेक्षा तो कुठे दगा देतो हे यातून फार स्वच्छ कळतं.

आधी परिस्थिती. चिपमधल्या ट्रान्झिस्टरांना जोडणाऱ्या तारा अनेक दशकं अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या. तारा बारीक होत गेल्या तसा त्यांचा रोध अडचणीचा ठरू लागला. अ‍ॅल्युमिनियमची रोधकता साधारण 2.65 मायक्रोओम-सेंटिमीटर, तांब्याची 1.68. शिवाय जास्त प्रवाहात अ‍ॅल्युमिनियमचे अणू जागा सोडून सरकतात आणि तार तुटते. तांबं त्या बाबतीत बरंच चिवट. सप्टेंबर 1997 मध्ये आयबीएमने तांब्याच्या तारांची चिप जाहीर केली आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली.

तांब्याची एक खोड मात्र सगळ्या प्रक्रियेला उलटं वळण देणारी होती. अ‍ॅल्युमिनियमचा थर क्लोरीनच्या प्लाझ्माने हवा तिथे खोदता येतो, कारण तयार होणारं क्लोराइड उडून जातं. तांब्याचं क्लोराइड त्या तापमानाला उडत नाही. मग आधी सिलिकॉन ऑक्साइडच्या थरात खाचा कोरायच्या, त्या तांब्याने भरायच्या आणि वरचं जास्तीचं तांबं घासून काढायचं, असा मार्ग निघाला. त्याला डमासीन म्हणतात. नाव दमास्कसच्या धातूकामावरून आलं. आपल्याकडे बिदरीच्या सुरईवर चांदीची तार अशीच कोरलेल्या खाचेत बसवतात.

खाचेत थेट तांबं भरता येत नाही. तांबं ऑक्साइडमधून झिरपून सिलिकॉनपर्यंत गेलं की ट्रान्झिस्टर संपला. म्हणून आधी टँटलम आणि टँटलम नायट्राइडचं अस्तर, म्हणजे बॅरिअर. त्यावर तांब्याचा एक पातळ, अखंड थर, म्हणजे सीड. आणि सीडवर विद्युत-विलेपनाने उरलेली खाच भरायची. सीड कुठे तुटला, तर तिथे विलेपन नीट होत नाही आणि तारेत पोकळी राहते. आपलं प्रकरण या सीडचं आहे.

सीड घालायचा रूढ मार्ग स्पटरिंगचा. तांब्याच्या तबकडीवर आयन आदळतात, अणू सुटतात आणि वेफरवर, म्हणजे चिपच्या सिलिकॉन चकतीवर, येऊन बसतात. अडचण भूमितीची. अणू बहुतांशी वरून येतात आणि जिथे पडतात तिथेच चिकटतात. खाचेच्या तोंडाशी दाट थर बसतो, बाजूच्या भिंतींवर विरळ. खाच अरुंद आणि खोल होत गेली की तोंडाशी दोन्हीकडून छज्जा पुढे येतो आणि आतली भिंत उपाशी राहते. रासायनिक बाष्प-निक्षेपणात असं होत नाही. तिथे तांबं रेणूच्या रूपात येतं, भिंतीवर आपटून परत फिरतं, पुन्हा आपटतं, आणि अभिक्रिया झाली तरच बसतं. घरात धुरी फिरवली की धूर फडताळाच्या मागेही पोचतो, तसं. म्हणून सीडसाठी बाष्पाचा मार्ग स्वाभाविक वाटत होता. मला विचाराल तर आजही वाटतो.

आता तापमान. कमी तापमान हवं म्हटलं की बहुतेक जण समजतात, खालचं काहीतरी जळेल म्हणून. चिपच्या या टप्प्यावर साधारण 400 अंश सेल्सियसची मर्यादा पाळतात, हे खरं. पण सीडसाठी त्याहून कितीतरी खाली राहावं लागतं, आणि त्याचं कारण तांबंच आहे. तांबं 1085 अंशांना वितळतं, पण काही नॅनोमीटरच्या थरात त्याला इतकी वाट पाहावी लागत नाही. दोनशे-तीनशे अंशांच्या आसपासच अणू पृष्ठभागावर सरकू लागतात आणि खालच्या अस्तराशी ओढ कमी असली, तर थर आक्रसून बेटं तयार होतात. नवसागराविना कथलाच्या गोळ्या होतात त्याचीच ही सूक्ष्म आवृत्ती. तापमान वाढवून शुद्ध तांबं मिळवलंत, तरी हाती अखंड थर न येता मण्यांची माळ येते. सीडच्या कामाला ती शून्य किमतीची.

म्हणजे रेणू असा हवा, की बाटलीत टिकेल, हलक्या उष्णतेने बाष्प होईल, तापवलेल्या नळीतून न मोडता जाईल आणि दोनशे अंशांच्या आत वेफरवर स्वच्छ तुटेल. धातूला बाष्प करून नेण्याची कल्पना तशी जुनी. 1890 मध्ये लुडविग माँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून 43 अंशांना उकळणारा द्रव मिळवला होता, आणि त्याची वाफ तापलेल्या काचनळीतून जाताना काचेवर निकेलचा आरसा धरत होता. तांब्याला असं साधं, टिकाऊ कार्बोनिल, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडशी जोडलेलं संयुग, नाही. त्याला दुसरे पंख शोधावे लागले.

ते पंख म्हणजे फ्लोरीन. तांब्याभोवती हेक्साफ्लुओरोअ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेट नावाचा लिगँड, म्हणजे धातूला धरून बसणारा गट, बसवला की रेणू सहज उडतो. कामावर आम्ही त्याला नुसतं एचफॅक म्हणतो. त्याच्या दोन टोकांना तीन-तीन फ्लोरीनचे गट असतात. त्यांच्यामुळे रेणूंची एकमेकांशी चिकटाचिकटी कमी होते, म्हणून बाष्पदाब वाढतो. फ्लोरीन नसलेला त्याचा भाऊ घेतला, तर संयुग उडायला बरंच जास्त तापवावं लागतं. एचफॅकने तांब्याच्या दोन जागा धरल्या. उरलेल्या जागी व्हिनिलट्रायमिथिलसिलेन हा छोटा रेणू आपल्या दुहेरी बंधाने टेकवला. तो स्वतः 55 अंशांना उकळतो आणि तांब्याला सैलसर धरतो. 1991 च्या सुमारास शूमाकर कंपनीतल्या जॉन नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी हे संयुग तांब्याच्या थरांसाठी पुढे आणलं. क्युप्रासिलेक्ट या नावाने ते विकलं गेलं आणि तांब्याच्या बाष्प-निक्षेपणावर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गटाने कधी ना कधी त्याला हात लावला.

कागदावर यासारखा रेणू नाही. खोलीच्या तापमानाला पिवळा द्रव. घन प्रिकर्सरच्या कटकटी नाहीत: भुकटीचे कण उडत नाहीत, तिचा पृष्ठभाग बदलत गेल्याने बाष्पाचा पुरवठा डळमळत नाही. थर साधारण 160 ते 200 अंशांना चढतो. हायड्रोजनसारखा कोणताही क्षपणकारक लागत नाही. तांबं आपलं आपण मोकळं होतं, आणि जाड थराची रोधकता शुद्ध तांब्याच्या खूप जवळ येते.

ते मोकळं कसं होतं हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची दोन्ही दुखणी तिथूनच निघतात. या संयुगात तांबं एक-धन अवस्थेत आहे. तापलेल्या पृष्ठभागावर दोन रेणू शेजारी येतात, सैल धरलेले सिलेन सोडून देतात आणि तांब्याचे दोन अणू आपापसात एका इलेक्ट्रॉनची देवघेव करतात. एक अणू धातू होऊन थरात बसतो. दुसरा द्वि-धन होतो, दोन्ही एचफॅक स्वतःकडे घेतो आणि उडून जातो. म्हणजे दोनातलं एक तांबं कायमच निघून जाणार. रेणूभारावरून हिशोब करा: संयुगात तांबं जेमतेम 17 टक्के, आणि त्यातलं अर्धंच थरात. शंभर ग्रॅम महागडा द्रव पूर्णपणे वापरला, तरी साडेआठ ग्रॅमच्या वर तांबं मिळत नाही.

पहिलं दुखणं बाटलीतलं. जी अभिक्रिया वेफरवर हवी, ती बाटलीत नको हे त्या रेणूला कोण सांगणार? सिलेन सैल आहे म्हणून तर तो कमी तापमानाला तुटतो; आणि सैल आहे म्हणूनच तो नुसता ठेवला तरी हळूहळू सुटतो. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत मी बबलर, म्हणजे द्रवातून वायू सोडून त्याची वाफ पुढे नेणारी बाटली, नको तितका कोमट ठेवून एक खेप अशी घालवली. सकाळी पाहिलं तर लख्ख पिवळ्या द्रवाला हिरवट झाक आलेली, आणि काचेच्या आतून, द्रवाच्या पातळीपासून खाली, तांब्याचा सुरेख आरसा धरलेला. पुढच्या नळीत एका सांध्यावर उष्णतापट्टी नीट गुंडाळलेली नव्हती. तिथे हिरवे-निळे स्फटिक दाटले होते. ते म्हणजे उडून जायचं ठरलेलं द्वि-धन संयुग. दिसायला सगळं देखणं होतं आणि एक थेंबही कामाचा उरला नव्हता.

या दुखण्यावर इलाज निघाला. द्रवात थोडं जास्तीचं सिलेन घालून ठेवायचं, म्हणजे सुटलेल्या रेणूला लगेच दुसरा जोडीदार मिळतो. सोबत एचफॅकचं हायड्रेट अगदी थोडं घातलं की थर चढण्याचा वेग सुधारतो. साठा तापवायचाच नाही; द्रव थंड ठेवून थेंबाथेंबाने गरम बाष्पकात सोडायचा, म्हणजे तापण्याची घटका अगदी ऐनवेळी येते. व्यापारी मिश्रणं अशीच असत. बाटलीचं दुखणं औषधाने आवरण्यासारखं होतं.

दुसरं तसं नव्हतं. टँटलम नायट्राइडवर चढवलेला माझा पहिला बरा थर मला अजून आठवतो. चेंबर उघडलं तेव्हा तुकडा गुलाबी-तांबूस झळकत होता, चार-टोकी मापकावर रोधही छान येत होता. मग ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा ओढल्या, चिकटपट्टी दाबून बसवली आणि एका झटक्यात ओढली. थर चौकोन-चौकोनांनी पट्टीवर आला, मिठाईवरचा वर्ख बोटाला यावा तसा. खाली टँटलम नायट्राइडचा करडा पृष्ठभाग जणू त्यावर कधी काही बसलंच नव्हतं.

पट्टीची परीक्षा साधी आहे, पण पोरखेळ नव्हे. डमासीनमध्ये खाच भरल्यावर वेफर उलटा करून फिरत्या गादीवर, अपघर्षक रसायनाच्या पातळ लगद्यात दाबून घासतात. त्या घासाईत थरावर जो आडवा ताण येतो, त्यापुढे चिकटपट्टी काहीच नाही. पट्टीला न टिकणारा थर घासाईत सोलून निघतो आणि त्याचे पापुद्रे बाकीच्या वेफरवर ओरखडे काढत फिरतात.

थर धरत का नव्हता? शुद्ध तांब्याचा बारीकसाही अनुभव असलेला माणूस म्हणेल, तांबं आणि टँटलम यांच्यात मुळातच ओढ कमी. पण स्पटर केलेलं तांबं त्याच अस्तरावर घासाईला पुरून उरतं, तेव्हा दोष नुसता या जोडीचा नाही. दोन थरांच्या सांध्यावर काय आहे हे अनेक गटांनी पृष्ठभाग-विश्लेषणाने पाहिलं, आणि उत्तर तेच येत राहिलं: तिथे फ्लोरीन, कार्बन आणि ऑक्सिजन यांचा एक पातळ, विस्कळीत पट्टा असतो.

मला या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट ही वाटते. तीच अभिक्रिया तांब्यावर स्वच्छ होते. थर एकदा तांब्याचा झाला, की नंतर येणारे रेणू तांब्यावर उतरतात, एचफॅकला जोडीला दुसरा तांब्याचा अणू मिळतो आणि तो अख्खाच्या अख्खा उडून जातो. म्हणूनच जाड थर शुद्ध निघतो. पण पहिला रेणू तांब्यावर उतरत नाही, टँटलमवर उतरतो. टँटलम फ्लोरीनचा आणि ऑक्सिजनचा भुकेला धातू. तिथे एचफॅकला सुखरूप निघू देत नाही. त्याला फोडतो आणि तुकडे स्वतःजवळ ठेवतो. ज्या फ्लोरीनने रेणूला पंख दिले, तेच उतरण्याच्या जागी अडकून पडतं. थरात शंभर नॅनोमीटर उत्तम तांबं आहे आणि पहिला एक नॅनोमीटर खराब आहे. चिकटून राहण्याचा सगळा भार त्या एकावरच.

उपाय सुचले, करूनही पाहिले. आधी स्पटरिंगने तांब्याचा पुसट हात द्यायचा आणि त्यावर बाष्पाचं तांबं चढवायचं: पहिला रेणू तांब्यावरच उतरल्यामुळे थर धरतो. पण ज्या भिंतीवर स्पटरिंग पोचत नाही म्हणून बाष्पाकडे आलो, त्या भिंतीवर तो हातही पोचत नाही. नंतर तापवून सांधा सुधारायचा: जाड थराला हे मानवतं, सीडइतक्या पातळ थराची बेटं होतात. पाण्याची वाफ सोडायची: तांबं झटपट आणि दाट उगवतं, पण टँटलमच्या पृष्ठभागावर ऑक्साइड वाढतं आणि पकड आणखी ढिली होते. प्रत्येक उपाय एका टोकाला ओढला की दुसरं टोक सुटत होतं.

दरम्यान स्पर्धा थांबली नव्हती. स्पटरिंगवाल्यांनी तांब्याचे अणू आयनित करून, वेफरला विद्युतदाब देऊन ते खाचेत सरळ ओढायला सुरुवात केली. तळाशी पडलेलं तांबं पुन्हा उडवून भिंतीवर बसवायला शिकले. आणि विलेपनाच्या हौदात एक विलक्षण गोष्ट साधली होती. कॉपर सल्फेट आणि गंधकाम्लाच्या द्रावात क्लोराइड, पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि गंधकयुक्त एक छोटं संयुग घातलं, की तांबं खाचेच्या तळाशी जास्त वेगाने वाढतं आणि तोंडाशी मंद. खाच तळातून वर भरत येते, पोकळी राहत नाही. बाष्पाचं तांबं सगळीकडे सारखं वाढतं हा त्याचा गुण. भरताना तोच अवगुण ठरतो, कारण दोन्ही भिंती मध्यभागी भेटतात आणि तिथे शिवण राहते. उद्योगाने स्पटर केलेला सीड आणि विलेपन ही जोडी धरली ती धरलीच.

क्युप्रासिलेक्ट महाग होतं म्हणून हरलं, असं म्हणणारे मला भेटतात. साडेआठ ग्रॅमचा हिशोब पाहता त्यात तथ्य आहे, पण चिपच्या कारखान्यात महाग वस्तू वापरल्या जात नाहीत असं थोडंच आहे! माझं मत वेगळं आहे. प्रिकर्सरची परीक्षा बाष्पदाब, तापमान आणि जाड थराची रोधकता यांवर घेतली गेली. लिगँड पहिल्या क्षणी ज्या पृष्ठभागावर उतरणार, तिथे तो काय करेल, हा प्रश्न रेणू आखताना सर्वांत आधी विचारायचा असतो. इथे तो थर सुटू लागल्यावर विचारला गेला.

तो प्रश्न आधी विचारून आखलेला रेणू हार्वर्डच्या रॉय गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेतून आला. 2003 मध्ये त्यांनी, बूयाँग लिम आणि आंट्टी राहटू यांच्यासह, धातूंच्या अ‍ॅमिडिनेट संयुगांचं कुटुंब मांडलं. अ‍ॅमिडिनेटमध्ये नायट्रोजन-कार्बन-नायट्रोजन अशी छोटी कमान असते आणि ती दोन्ही नायट्रोजनांनी तांब्याला धरते. तांब्याचे दोन अणू, दोन कमानी, असा जोडरेणू. फ्लोरीन नाही, ऑक्सिजनही नाही. काटेकोर बोलायचं तर तांबं इथे कार्बनला बांधलेलंच नाही, तेव्हा हा ऑर्गॅनोमेटॅलिक म्हणावा की नाही यावर रसायनशास्त्रज्ञ अडून बसतील. कामाच्या ठिकाणी आम्ही सगळ्यांना एकाच फडताळात ठेवतो. हायड्रोजन दिला की कमान एक हायड्रोजन घेऊन पूर्ण रेणू होते आणि निघून जाते. मागे अडकून राहील असं तिच्याजवळ फारसं काही नाही.

किंमत मोजावी लागलीच. ही संयुगं खोलीच्या तापमानाला घन असतात, वितळवून वापरावी लागतात. थर हळू चढतो, कारण तांब्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू सहजी फुटत नाही. आणि फ्लोरीन गेलं तरी बेटं होण्याची खोड तांब्याचीच होती, ती उरली. म्हणून गॉर्डन यांच्या गटाने अस्तरही बदललं. 2011 मध्ये त्यांनी दाखवलेल्या पद्धतीत खाचेला आधी मँगनीज नायट्राइडचं अस्तर, मग त्यावर इथिल आयोडाइडची मात्रा, आणि मग तांबं व मँगनीज, दोन्ही अ‍ॅमिडिनेटच्या बाष्पातून. आयोडीन तांब्याखाली गाडलं जात नाही; वाढत्या पृष्ठभागावर तरंगत वर येतं आणि तिथे वाढीला वेग देतं. खाच अरुंद होत जाते तसं तिच्यात आयोडीन दाटतं, आणि तळाची वाढ जोर धरते. विलेपनाच्या हौदातला तळातून भरण्याचा गुण असा बाष्पात आला. 30 नॅनोमीटरपेक्षा अरुंद खाचा त्यांनी या रीतीने भरून दाखवल्या. नंतर तापवल्यावर मँगनीज तांब्यातून सरकत ऑक्साइडच्या सांध्यावर जातं आणि तिथे सिलिकेट होऊन पकड घट्ट करतं. कल्हईवाल्याचा नवसागर इथे आतून येतो.

ही पद्धत मला आजही या क्षेत्रातल्या सर्वांत विचारपूर्वक केलेल्या कामांपैकी एक वाटते. उद्योगाने मात्र तांबं स्पटर करणं सोडलं नाही. बाष्प-निक्षेपण आलं ते तांब्याच्या खाली: मे 2014 मध्ये अप्लाइड मटेरियल्सने तांब्याच्या तारांना कोबाल्टचं अस्तर बाष्पातून घालणारं यंत्र जाहीर केलं. कोबाल्टवर तांबं पसरून बसतं, बेटं करत नाही, त्यामुळे वरचा सीड पातळ असला तरी अखंड राहतो. त्या कोबाल्टसाठी ज्या प्रिकर्सरचं नाव सर्वाधिक घेतलं जातं, तो गडद लाल द्रव आहे: कोबाल्टचे दोन अणू, सहा कार्बन मोनॉक्साइड आणि वर टेकवलेलं एक अ‍ॅसिटिलीन. फ्लोरीनचा एकही अणू नाही. टँटलमवर पहिला उतरणारा रेणू आता तो आहे.